बिघाडाची जपणूक

वस्तू बिघडली की ती दुरुस्त करायची, ही जगाची रीत आहे. नळ गळू लागला की आपण प्लंबरला बोलावतो, पंखा कुरकुरू लागला की तेल घालतो. ज्याने आयुष्याची तीसेक वर्षे बँकेच्या खुर्चीत घालवली, त्याला तर हे वेगळे शिकवावे लागत नाही. दिवसअखेर ताळा जमला नाही आणि फरक अवघ्या आठ आण्यांचा निघाला, तरी ते आठ आणे खिशातून टाकून घरी जाता येत नसे. चूक कुठे झाली ते शोधावेच लागे, मग रात्रीचे नऊ वाजोत की दहा. चूक ही नाहीशी करण्याची गोष्ट आहे, हे अशा नोकरीत माणसाच्या अंगात मुरते.

म्हणूनच मला एका छंदाचे फार नवल वाटत आले आहे. जगभरात असंख्य माणसे, त्यांत कोणी इंजिनिअर, कोणी शिक्षक, कोणी शाळकरी पोरे, साठ वर्षांपूर्वीचा एक बिघाड जसाच्या तसा पुन्हा घडवून आणण्यासाठी घरच्या टेबलावर कथील वितळवीत बसलेली असतात. इलेक्ट्रिक गिटारचा स्वच्छ आवाज मुद्दाम खरबरीत आणि फाटका करणारी एक लहानशी डबी असते. तिचे जुने सर्किट घरी बनवण्याचा हा छंद. निवृत्तीनंतर मीही या मंडळींत सामील झालो. गिटार वाजवतो तो माझा भाचा. मला तिच्यावर साधा सा रे ग म वाजवता येत नाही. पण शाळेत असताना ट्रान्झिस्टर रेडिओ जोडण्याचा नाद होता. नोकरी, संसार आणि कादंबऱ्या यांच्या खाली तो दडपून गेला होता, तो वर आला. या छंदातून जे हाती लागले ते केवळ गिटारवाल्यांच्या कामाचे आहे असे मला वाटत नाही, म्हणून ते आज वाचकांपुढे ठेवतो.

आधी ही डबी म्हणजे काय, ते सांगायला हवे. इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. गिटारची तार छेडली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. अॅम्प्लिफायर ती मोठी करतो आणि स्पीकर तिचा आवाज करतो. गिटार आणि अॅम्प्लिफायर यांच्या मधे, वादकाच्या पायाशी जी डबी ठेवलेली असते, ती पेडल. पायाने खटका दाबला की आवाजाचा पोत बदलतो. या डब्यांतली एक जुनी जात ‘फझ’ या नावाने ओळखली जाते. मधमाशीच्या गुणगुणण्यात सनईचा टणत्कार आणि थोडी करवतीची करकर मिसळावी, तसा तिचा आवाज. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते, स्पीकर फाटला असावा.

हे वाटणे अगदी चुकीचे नाही. या आवाजाची वंशावळ खरोखरच फाटक्या स्पीकरांपासून सुरू होते. १९५१ साली अमेरिकेत मेम्फिस शहरी सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत ‘रॉकेट एटी-एट’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. गिटारवादक विली किझार्ट याच्या अॅम्प्लिफायरला वाटेत इजा झाली होती. आत कागदाचे बोळे कोंबून त्यांनी तशीच वेळ निभावून नेली आणि तो घोगरा आवाज लोकांना आवडून गेला. लिंक रे नावाच्या वादकाने १९५८ च्या ‘रम्बल’ या रचनेसाठी स्पीकरच्या कागदी पडद्याला हाताने भोके पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या ‘किंक्स’ या वाद्यवृंदातल्या डेव्ह डेव्हिसने तर ब्लेडने पडदा कापला. पहिल्याने अपघात निभावला, पुढच्या दोघांनी तो जाणूनबुजून घडवला.

पण डबीचा जन्म यापेक्षा मजेदार आहे. नॅशव्हिल शहरातल्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्स या गायकाचे ‘डोन्ट वरी’ हे गाणे मुद्रित होत होते. ते १९६१ साली प्रसिद्ध झाले. ग्रेडी मार्टिन हा वादक सहा तारांची बास गिटार वाजवत होता. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातल्या ज्या वाटेने त्याचा आवाज जात होता, त्या वाटेत काही तरी बिघडले आणि शांत, गोड गाण्याच्या मध्यावर एकदम एखादा भुंगा पिसाळल्यासारखा आवाज उमटला. तो पुसून पुन्हा मुद्रण करता आले असते. पण तो तसाच ठेवण्यात आला, आणि गाणे अमेरिकेच्या ‘कंट्री’ संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले.

मग इतर कलावंतही तोच आवाज मागू लागले. आणि इथे खरी अडचण आली. बिघडलेला भाग दिवसेंदिवस अधिक बिघडत गेला आणि एके दिवशी पुरता बंद पडला. बिघाड होता तोवर आवाज होता. बिघाड पूर्ण झाला आणि आवाज गेला! तेव्हा स्टुडिओतला ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने रेव्हिस हॉब्स या इंजिनिअरच्या साथीने विचार सुरू केला की, त्या यंत्रात नेमके झाले काय होते? ते समजून घेऊन त्यांनी तीन ट्रान्झिस्टरांचे एक छोटे सर्किट बनवले, आणि मेलेला बिघाड पुन्हा जिवंत केला. गिब्सन कंपनीने ते घेऊन १९६२ मध्ये ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. दीड-दीड व्होल्टच्या दोन सेलवर ते चाले. स्नॉडी आणि हॉब्स यांना १९६५ साली त्याचे पेटंट मिळाले.

म्हणजे आज ज्याला आपण ‘मूळ’ पेडल म्हणतो आणि ज्याची घरोघर नक्कल चालते, ते मूळ पेडल स्वतःच एका हरवलेल्या आवाजाची नक्कल होते. या छंदाचा सारा अर्थ मला या एका गोष्टीत दिसतो. चूक नकळत होते, पण तीच चूक पुन्हा करायची तर ती आधी पुरती समजावी लागते. बँकेत चूक शोधण्यासाठी जेवढी बुद्धी लागे, तेवढीच स्नॉडीला ती पुन्हा घडवायला लागली असणार.

सुरुवातीला या डबीचा फारसा बोलबाला झाला नाही. तिच्या जाहिरातीत तर सांगितले जाई की, या डबीने गिटारमधून ट्रम्पेटसारखा, चेलोसारखा आवाज काढता येतो. १९६५ साली ‘रोलिंग स्टोन्स’च्या कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्याचा मुखडा याच डबीतून वाजवला. त्याच्या मनात ती तात्पुरती सोय होती. त्या जागी पुढे फुंकवाद्ये घालावीत असा त्याचा विचार होता. पण गाणे तसेच बाहेर पडले आणि डबीवर गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. त्याच वर्षी ओटिस रेडिंगने ते गाणे फुंकवाद्यांसह गायिले. म्हणजे रिचर्ड्सच्या मनातले गाणेही जगाला ऐकायला मिळाले. परंतु लोकांच्या कानांत घर केले ते त्या ‘तात्पुरत्या’ खरखरीनेच.

घरी बनवणाऱ्यांचे सर्वांत लाडके सर्किट मात्र याच्या पुढच्या वर्षीचे आहे. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने ‘फझ फेस’ नावाचे पेडल काढले. आकार गोल थाळीसारखा. मायक्रोफोनच्या उभ्या दांड्याला खाली जी जड बैठक असते, तिच्यावरून हा आकार सुचला. वरच्या दोन बटनांचे डोळे आणि खाली ओठांसारखी पट्टी, त्यामुळे तो खरोखरच चेहरा दिसतो. त्याच वर्षी लंडनला आलेल्या जिमी हेंड्रिक्सने हे पेडल अजरामर केले. आणि या अजरामर वस्तूच्या पोटात काय आहे? दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स, तीन कंडेन्सर आणि दोन व्हॉल्यूम कंट्रोल. मोजून अकरा नग. नऊ व्होल्टची एक बॅटरी, खटका आणि तारा जोडायची दोन भोके वेगळी. शेवयांच्या खिरीलाही एवढ्या साहित्याच्या जवळपास जिन्नस लागतात!

ही अकरा माणसे करतात काय? पहिला ट्रान्झिस्टर गिटारची क्षीण वीज मोठी करतो आणि दुसऱ्याच्या हाती देतो. दुसरा ती आणखी मोठी करू पाहतो. पण बॅटरी नऊ व्होल्टची. त्यापेक्षा उंच लाट तिला पेलत नाही. लाटेचा माथा छताला आपटतो आणि सपाट होतो, तळही फरशीला टेकून सपाट होतो. गोलाईची लाट चौकोनी होते. कानाला या चौकोनाची जाणीव नव्या स्वरांच्या रूपाने होते. पूर्ण चौकोनी लाटेत मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनसंख्येचे उपस्वर मिसळलेले असतात. तिप्पटीचा जोर मूळच्या एकतृतीयांश, पाचपटीचा एकपंचमांश, असा उतरत जाणारा. षड्जापासून मोजले तर तिप्पटीचा स्वर पंचम आणि पाचपटीचा गंधार. थोडक्यात, ज्याला आपण खरखर म्हणतो, तिच्या पोटात प आणि ग बसलेले असतात.

गंमत याहून पुढे आहे. सा आणि प एकत्र छेडून ते या डबीतून काढले तर काय होईल? सा २०० कंपनांचा धरला तर प ३०० चा. लाटेची अशी मोडतोड झाली की दोन स्वरांची वजाबाकी आणि बेरीज हेही स्वर म्हणून उमटतात. वजाबाकी १००, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. बेरीज ५००, म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गंधार. कोणी न वाजवता तो आलेला असतो. तंबोऱ्याच्या संगतीत वाढलेल्या कानाला याची ओळख पटायला वेळ लागू नये, कारण चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात जो स्वयंभू गंधार ऐकू येतो त्याचेही नाते याच गणिताशी आहे. रॉक संगीतातले गिटारवादक फझ लावला की पुष्कळदा सा आणि प एवढेच दोन स्वर जोडीने वाजवतात, त्याचे कारणही हेच. गिटारच्या पडद्यांवरचा पंचम शुद्ध पंचमापासून अर्ध्या स्वराच्या जेमतेम दोन शतांशांनी ढळलेला असतो, पण गंधार मात्र सुमारे चौदा शतांश चढा असतो. स्वच्छ आवाजात तेवढे खपून जाते. फझ लावला की ती तफावत बोचू लागते.

तंबोऱ्याचे नाव उगाच घेतले नाही. तार स्वच्छ वाजण्यापेक्षा किंचित घासून, झणझणून वाजावी यासाठी कष्ट घेण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. तंबोऱ्याच्या आणि सतारीच्या घोडीचा माथा मिरजेचे कारागीर किती तरी वेळ कानस फिरवून, ऐकून, पुन्हा फिरवून तयार करतात. तार त्याच्या सपाट-बाकदार पाठीला निसटता स्पर्श करते आणि उपस्वरांचे मोहोळ उठते. हीच जवारी. तंबोऱ्यात तर वर सुताचा धागा सरकवून ती नेमकी खुलवतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जवारी लाकडा-हाडाची, फझ विजेचा. दोन्हींची कार्यपद्धती निराळी. पण ‘फार स्वच्छ आवाज उघडा वाटतो, त्याला थोडे वस्त्र हवे’ ही जाण एकच आहे. आणि हे दोन प्रवाह एकदा भेटलेही आहेत. १९६५ साली लंडनच्या ‘यार्डबर्ड्स’ या वाद्यवृंदाने ‘हार्ट फुल ऑफ सोल’ या गाण्याचा मुखडा आधी सतारवादकाकडून वाजवून घेतला होता. तो प्रयोग त्यांनी त्या वेळी बाजूला ठेवला आणि जेफ बेकने तीच सुरावट गिटारवर फझ लावून वाजवली. सतारीच्या झणत्काराची जागा भरून काढायला त्यांना ही खरखरच उपयोगी पडली.

आता घरच्या टेबलाकडे वळू. अकरा नगांपैकी नऊ कुठेही मिळतात. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे ते चिल्लर पैशांत येतात. खरी परीक्षा असते ती दोन ट्रान्झिस्टरांची. जुन्या फझ फेसमध्ये ते जर्मेनियमचे होते. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत जो पहिला ट्रान्झिस्टर जन्मला तोही जर्मेनियमचाच. पुढे सिलिकॉन आले. ते उष्णतेला टिकाऊ, शिवाय स्वस्त आणि भरवशाचे. त्याने जर्मेनियमला बाजारातून हटवले. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ मध्ये जर्मेनियमच्या वस्तूंचे उत्पादन सुरू केले होते. त्या काळातल्या रेडिओंच्या पोटात तसले ट्रान्झिस्टर असत. म्हणून माळ्यावरचा बंद पडलेला जुना ट्रान्झिस्टर रेडिओ भंगारात देण्याआधी या मंडळींपैकी कोणाला तरी दाखवावा, ही नम्र सूचना.

जर्मेनियमचा स्वभाव मोठा लहरी. एकाच कारखान्यातले, एकच क्रमांक छापलेले दोन नग सारखे निघतील याची शाश्वती नाही. त्यातून बाजारात नाव पुसून नवे नाव छापलेला मालही असतो. बँकेत नोट उजेडाला धरून पाहायची सवय इथे उपयोगी पडते. मल्टीमीटर लावून पाहायचे. बेस आणि एमिटर यांच्यामधला व्होल्टेजचा उतार पाव व्होल्टच्या आसपास दिसला तर जर्मेनियम. सहा-सात दशांश दिसला तर तो सिलिकॉन आहे, वर काहीही छापलेले असो.

यापुढचे काम तर थेट हिशेबनिसाचे आहे. ट्रान्झिस्टर किती पटींनी वीज वाढवतो, तो आकडा म्हणजे त्याचा ‘गेन’. पण जर्मेनियमला गळतीची खोड असते. बेसला काहीच दिले नाही तरी थोडी वीज आपली झिरपतच राहते. साधा मीटर ही गळतीही कमाईतच धरतो. तेव्हा आधी बेस मोकळा ठेवून गळती मोजायची, मग बेसला ठराविक सूक्ष्म वीज देऊन एकूण आकडा मोजायचा आणि एकातून दुसरा वजा करायचा. एकूण १३० दिसले आणि त्यांत ३५ गळतीचे निघाले, तर खरी कमाई ९५. ढोबळ नफा आणि निव्वळ नफा यांतला फरक ज्यांनी जन्मभर तपासला, त्यांना हे काम फार जिव्हाळ्याचे वाटावे. जाणकारांचा अनुभव असा की, पहिल्या जागी सत्तर-ऐंशीचा आणि दुसऱ्या जागी शंभर-सव्वाशेचा नग बसवला की सर्किट गोड बोलते. मग दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट येतील असा एक रेझिस्टन्स जुळवायचा. तंबोरा जुळवताना खुंटी पिरगाळून झाल्यावर मणी सरकवतात, तसेच हे. आकडा साडेचारच्या जवळ आला की कान लावायचा. शेवटचा शब्द कानाचा.

इतके करूनही जर्मेनियम आपला स्वभाव सोडत नाही. तापमान दहाएक अंशांनी चढले की त्याची गळती साधारण दुप्पट होते. जानेवारीच्या पहाटे जुळवलेले पेडल मे महिन्यातल्या दुपारी निराळे वागते. आवाज तुटक होतो, कधी घशाला कोरड पडल्यासारखा. भाचा गमतीने म्हणतो, ‘मामा, आज याचा मूड नाही.’ लंडनच्या थंड हवेत जन्मलेल्या सर्किटाला आपला उन्हाळा मानवत नाही, हे सरळ आहे.

आणि इथेच ‘हुबेहूब’ या शब्दाचा फुगा फुटतो. १९६६ ते १९६८ या काळात बनलेली अस्सल पेडलेही एकसारखी नव्हती. हेंड्रिक्सला अशी पेडले पारखून, सुधारून देणारा रॉजर मेयर हा ध्वनितंत्रज्ञ होता, कारण त्यांतली काही उत्तम निघत, काही टाकाऊ. मग आपण नक्कल करतो ती नेमकी कोणाची? ज्याची नक्कल करायची, ते एकच एक मूळ अस्तित्वातच नव्हते. कंपनीने छापलेला आराखडा होता, आणि त्या आराखड्याला त्या-त्या ट्रान्झिस्टरने दिलेले उत्तर होते. घरी बनवलेले पेडल हे असेच आणखी एक उत्तर. जुन्या पेडलांना आज संग्राहक जो अवाच्या सवा भाव देतात, तो इतिहासाचा भाव आहे, हे ओळखून असावे. आवाजाचा भाव त्याहून पुष्कळच कमी आहे.

कोणी विचारील, आणि विचारावेच, की एवढा खटाटोप कशाला? आज फोनमधले एखादे अॅप हाच आवाज गणिताने काढून देते, आणि तो इतका चांगला असतो की ऐकणाऱ्याला फरक सांगता येऊ नये. तयार पेडलही दुकानात मिळते. माझ्यासारख्याने वेळेची मजुरी लावून हिशेब मांडला तर घरचे पेडल दुकानातल्यापेक्षा महागच पडते. हे सारे मला मान्य आहे. केवळ आवाज हवा असेल तर अॅप घ्यावे आणि खुशाल वाजवावे.

परंतु घरात एका गोष्टीची टंचाई झपाट्याने वाढते आहे, ती अॅपने भरून निघत नाही. उघडता येणाऱ्या वस्तूंची टंचाई. आमच्या लहानपणी रेडिओचे मागचे झाकण चार स्क्रूंवर बसलेले असे. ते काढले की आतला संसार दिसे, आणि पुष्कळदा त्याचा नकाशाही आत चिकटवलेला किंवा पुस्तिकेत छापलेला सापडे. बनवणाऱ्याने गृहीतच धरलेले असे की, ही वस्तू कधी तरी कोणी तरी उघडणार आहे. आजचा फोन गोंदाने चिकटवलेला असतो. आपल्या घरातली मुले दिवसातले कित्येक तास ज्या वस्तूंशी खेळतात, त्यांतल्या एकीचेही पोट त्यांनी पाहिलेले नसते. वस्तू चालते किंवा चालत नाही, एवढेच त्यांना कळते. का चालते आणि कुठे अडते, हा प्रश्नच मनात उठत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी एक पोर्टलही सुरू केले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण हक्क कागदावर मिळाला तरी झाकण उघडण्याची इच्छा आणि धिटाई मनात असावी लागते, आणि ती लहानपणीच रुजते.

पेडलांच्या जगातही असे बंदिस्तपणाचे प्रयोग झाले. १९९४ साली अमेरिकेत ‘क्लॉन सेंटॉर’ नावाचे एक पेडल निघाले. ते फझपेक्षा सौम्य जातीचे आणि आज संग्राहकांचे फार लाडके आहे. सर्किट कोणी पाहू नये म्हणून त्याच्या कर्त्याने आतल्या भागांवर काळ्या राळेचा जाड लेप दिला. लोकांनी काही वर्षांनी तो लेप काढून, एकेक नग मोजून नकाशा मांडलाच. स्वतःची मेहनत जपण्याचा कर्त्याचा हेतू मला समजतो. कल्पनेवर त्याचा हक्क काही काळ राहावा म्हणूनच तर पेटंटची मुदत असते. स्नॉडीच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली. त्यामुळे जुने सर्किट घरी बनवण्यात कोणाचे काही घेतले जात नाही. मात्र त्यावर दुसऱ्याचे नाव छापून विकायला बसू नये, कारण नावावरचा हक्क अजून जिवंत असतो. घरचे पेडल आहे, त्याला घरचेच नाव द्यावे. आमच्या पहिल्या पेडलावर भाच्याने रंगाने ‘खरखर’ असे लिहिले आहे.

मुलांच्या हाती द्यायला याहून सोयीचे सर्किट मला माहीत नाही. अकरा नग, एक रविवार, आणि नऊ व्होल्टची बॅटरी, जिचा झटका बसत नाही. अर्थात काही पथ्ये पाळायची. सोल्डरिंगचे गन तापलेले असते, तेव्हा मोठ्या माणसाने शेजारी बसावे. खिडकी उघडी ठेवावी. जुन्या पद्धतीच्या सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊला हात लावू नये. जर्मेनियमला डाग देताना त्याच्या पायाला चिमटा लावावा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते. जुन्या सर्किटात बॅटरीचा धन ध्रुव पत्र्याच्या बाजूला जोडलेला असतो, म्हणून त्याला इतर पेडलांबरोबर एकाच अॅडॉप्टरवर जोडू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, भिंतीतल्या विजेवर चालणारा, विशेषतः व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर मुलांनी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कंडेन्सरांत शेकडो व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. धिटाई आणि आगाऊपणा यांतला फरक हेही याच टेबलावर शिकवता येते.

पहिल्या झटक्यात सर्किट बोलत नाही, असे बहुतेक वेळा होते. मग तार कुठे सुटली, कंडेन्सर उलटा बसला काय, ट्रान्झिस्टरचे पाय अदलाबदल झाले काय, हे क्रमाने तपासावे लागते. हा तास मुलाला कंटाळवाणा वाटेल असे आपल्याला वाटते, पण माझा अनुभव उलटा आहे. अकराच नग असल्यामुळे चूक सापडणार याची त्याला खात्री असते. मोठ्या यंत्रापुढे माणूस हतबल होतो, कारण चूक कुठे लपली असेल याला सीमाच नसते. छोट्या सर्किटात ती लपून लपणार किती? शोधले की सापडते, हा विश्वास एकदा बसला की तो मोठेपणी हिशेबाच्या वहीतही उपयोगी पडतो, लेखनातही पडतो आणि घरातल्या भांडणातही पडतो.

राहता राहिला बिघाडाचा प्रश्न. बँकेने मला चूक शोधायला शिकवले, आणि तिला हाकलायलाही. ते योग्यच होते. लोकांचे पैसे होते. पण नॅशव्हिलच्या त्या स्टुडिओत ज्यांनी तो आवाज लगेच पुसला नाही, त्यांनी हाकलण्याआधी क्षणभर थांबून ऐकले. सगळेच बिघाड असे भाग्यवान नसतात. शंभरांतले नव्याण्णव दुरुस्तच करायचे असतात. पण त्यांतला शंभरावा कोणता, हे ओळखायला आधी झाकण उघडावे लागते आणि कान शाबूत असावा लागतो. येत्या सुटीत माळ्यावरचा जुना रेडिओ खाली काढावा, घरातल्या मुलामुलींच्या हाती एक स्क्रू-ड्रायव्हर द्यावा आणि मागचे झाकण त्यांनाच उघडू द्यावे. बॅटरीचे सेल तेवढे आधी काढून घ्यावेत.